धुंधुरमास रात्री आठला सुरू होतो

आमचे नाना निफाड तालुक्यातल्या एका गावचे जोशी. पंचांग सांगणं, लग्नं लावणं, सत्यनारायण, वास्तुशांत. डिसेंबरच्या मध्यावर सूर्य धनू राशीत गेला की महिनाभर घरात दक्षिणेचा खडखडाट. लग्न नाही, मुंज नाही, वास्तू नाही. आई म्हणायची, "आता संक्रांतीपर्यंत तुम्ही, मी आणि बाजरी."

माणसं मात्र याच महिन्यात जास्त यायची. द्राक्षाचा पट्टा तो. पारा पाच-सहा अंशांवर उतरला की बागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर मणी तडकतात, आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर असतं ते वेगळंच. चार-चार रात्री न झोपलेला माणूस नानांपुढे पत्रिका टाकून विचारायचा, "जोशीबुवा, शनी सुटतो कधी?" नाना पत्रिका बघायचे. साडेसाती असली तर आहे म्हणून सांगायचे, लपवायचे नाहीत. मग उपाय. खडा नाही, अंगठी नाही, शांत नाही. "रात्री आठला निजायचं. पहाटे शेकोटीला उठशीलच, तर उगवतीच्या आत घरी येऊन गरम जेवायचं. महिनाभर कर. संक्रांत झाली की ये, मग पत्रिका नीट बघू." संक्रांतीनंतर ती माणसं यायची ती तिळगूळ द्यायला. बऱ्याच जणांना पत्रिकेची आठवणही नसायची. नानाही काढायचे नाहीत.

मी जोशाची मुलगी, पण आयुष्य बँकेत आकडे जुळवण्यात गेलं. ज्योतिषातल्या गणितावर माझा पूर्ण विश्वास आहे, फळांवर फारसा नाही. तरी हा धुंधुरमास, म्हणजे उगवतीच्या आत गरम जेवायचा महिना, मी पाळते आणि तो कसा पाळायचा ते विचारणाऱ्या दर दोन माणसांमागे एक जण तो चुकीचा पाळत असतो. म्हणून हे लिहायला घेतलं.

महिना कोणता

धनुर्मास, धुंधुरमास, झुंझुरमास, नावं कितीही असोत, महिना एकच. हा सौर महिना आहे. मार्गशीर्ष, पौष ही चांद्र महिन्यांची नावं दरवर्षी पुढेमागे सरकतात, हा सरकत नाही. १५ किंवा १६ डिसेंबरला सुरू, १४ किंवा १५ जानेवारीला संपला. कॅलेंडरमध्ये 'धनुर्मासारंभ' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, शोधा. साडेएकोणतीस दिवसांच्या आसपास भरतो. मिथुनेतून जायला सूर्याला साडेएकतीस दिवस लागतात, धनूतून तो लवकर निघतो, कारण जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि सगळ्यात वेगाने धावते. नाना हेच "गुरूच्या घरी पाहुणा गेलाय, पाहुण्याने फार दिवस राहू नये" असं सांगायचे. धनूचा स्वामी गुरू, आणि रास अग्नितत्त्वाची. बाहेर गारठा, आत अग्नी, अशी त्यांची जोडणी.

ही जोडणी वैद्यांना नवी नाही. थंडीत जठराग्नी पेटलेला असतो, त्याला सरपण मिळालं नाही तर तो अंगातलंच खातो, असं चरकाचं म्हणणं. वाग्भट त्याच्याही पुढे जाऊन साधी गोष्ट सांगतो: या दिवसांत रात्री मोठ्या असतात, त्यामुळे माणूस सकाळी उठतो तोच भुकेला. धुंधुरमासाचं अख्खं गणित या वाक्यात आहे. नाशिकला डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि सातनंतर उगवतो. तेरा तासांची रात्र. सूर्यास्ताला जेवलेलं पोट पहाटे पाचला खरोखर रिकामं असतं.

आणि आपण? नऊला जेवतो, बाराला निजतो. वाग्भटाची भूक येणार कुठून?

मी केलेली चूक

२०१८ च्या डिसेंबरात माझी बदली घरापासून लांबच्या शाखेत झाली होती. मुलगा नुकताच परदेशी गेलेला. नानांना जाऊन चार वर्षं झालेली. झोप अशी नाहीच. रात्री दोनला टक्क जाग, मग छताकडे बघत पाच. एके दिवशी बसमध्ये आठवलं की नाना लोकांना सांगायचे ते मी स्वतः कधी केलंच नाही.

मोठ्या हौशीने सुरुवात केली. साडेचारचा गजर लावला. खिचडी, भाकरी, वांग्याचं भरीत, लोणी, सगळं साग्रसंगीत. साडेपाचला आम्ही दोघं जेवलो. आमचे हे म्हणाले, "वा, काय मजा!" तीन दिवस मजा चालली. चौथ्या दिवशी माझ्या घशाशी आंबट आलं, काउंटरवर डोळे मिटायला लागले आणि एका खातेदाराचे शंभर रुपये मी त्याला जास्त दिले. घरी येऊन पुन्हा रात्री नऊला जेवण होतंच. म्हणजे मी झोपेचे दोन तास कापले होते आणि वर एक जेवण वाढवलं होतं.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, पहाटेचं काय घेऊन बसलीस? धुंधुरमास रात्री आठला सुरू होतो."

तेव्हा पुढचं सगळं वाचून झालं की पहिल्यांदा संध्याकाळ नीट लावा. पहाट आपोआप लागते. हॉलमध्ये शंभर माणसं जमवून सकाळी साडेनऊला 'धुंधुरमास स्नेहभोजन' करतात त्याला माझी हरकत नाही, भरीत छान असतं. तो धुंधुरमास नव्हे इतकंच.

संध्याकाळ

साडेसहाला, फार तर सातला जेवायचं, आणि हलकं. मुगाचं कढण, ज्वारीच्या कण्या, भाजी-भाकरी. या महिन्यात रात्रीचं जेवण छोटं आणि पहाटेचं मोठं. नोकरीवरून सातला घरी पोचणाऱ्यांनी ऑफिसातच साडेपाचला डबा खावा. मी तेच करायचे. लोक विचारायचे, "मॅडम, दुपारचा राहिला का?" हो म्हणायचं.

जेवण आणि अंथरूण यांच्यामधल्या तासात सकाळची तयारी. भाज्या चिरून, सोलाणे सोलून, डाळ-तांदूळ निवडून ठेवायचे. भरिताची वांगी आदल्या रात्रीच भाजून सोलून झाकून ठेवली तरी चालतात. जळगावकडची हिरवी-पांढरी मिळाली तर बघायला नको. विरजण लावायचं तेव्हा लक्षात ठेवा, थंडीत ते लागत नाही. दूध नेहमीपेक्षा थोडं जास्त कोमट घ्या, विरजण दीडपट घाला आणि भांडं जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा.

मग पाय. कोमट तिळाचं तेल तळव्यांना लावून काशाच्या वाटीने दहा मिनिटं घासायचं. वाटी नसेल तर हाताने. तळवे काळपट होतात. "उष्णता निघाली," असं आई म्हणते. माझ्या मते धातू तेलात उतरतो एवढाच त्याचा अर्थ, पण झोप लागते हे खरं. नंतर मोजे घाला, नाहीतर पलंगाच्या चादरीचं वाटोळं. रविवारी अंघोळीआधी सर्वांगाला तेल, बाकीचे दिवस फक्त तळवे. रोज अंगभर तेल लावीन असं ठरवणारी माणसं पाचव्या दिवशी काहीच लावत नाहीत.

आठ कसे कळायचे? नानांकडे घड्याळ होतं, पण ते अंगणात जाऊन व्याध बघायचे. मृगाच्या खालचा तो लखलखीत तारा आमच्याकडे धुंधुरमास लागतो तेव्हा रात्री आठच्या सुमाराला पूर्वेला वर येतो. व्याध दिसला की दिवा मालवायचा. पण तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, त्यामुळे संक्रांतीच्या आसपास आठ वाजता तो उगवून पावणेदोन तास झालेले असतात. नाना म्हणायचे, "महिना संपत आला की व्याध उशीर झाल्याबद्दल वरून रागावतो." शहरात तारा दिसायची खात्री नाही, पण त्या निमित्ताने गच्चीत पाच मिनिटं जाऊन या. मोबाइल गच्चीत न्यायचा नाही, आणि परत आल्यावर तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा. झोपायच्या खोलीत नाही. या एका गोष्टीवर माझं घरात सगळ्यात जास्त भांडण झालं.

पहिले तीन-चार दिवस आठला झोप येणार नाही. पडून राहा. अंधारात, पांघरुणात. तेही चालतं.

पहाट

साडेचारला उठायचं, साडेपाच-सहाला जेवायचं. आधी तोंड धुऊन गरम पाणी, चुळा, दिवा. दिव्यापुढे बसायचं असेल त्याने बसावं. नाना विष्णुसहस्रनाम म्हणायचे, मी नुसती बसते.

रोज पाच पदार्थ करू नका. पाच पदार्थ रविवारी. सोमवार ते शनिवार खिचडी, नाहीतर लोणी-गुळाबरोबर भाकरी. दोघांना पुरेल अशी खिचडी: पाऊण वाटी नवा तांदूळ, पाऊण वाटी सालाची मूगडाळ, वीस मिनिटं भिजवून. दोन चमचे तुपात जिरं, हिंग, दोन लवंगा, आठ-दहा मिरे जाडसर ठेचून, आल्याचा तुकडा, हळद. डाळ-तांदूळ परतून चार वाट्या गरम पाणी. तांदूळ जुना असेल तर पाच, नवा तांदूळ कमी पाणी पितो. कुकरला तीन शिट्ट्या. मऊ हवी, मोकळी नको. वाढताना वरून पुन्हा तूप. तुपाची कंजुषी करायची असेल तर हा महिना सोडून करा.

आमच्या बँकेत एक तमिळ सहकारी होत्या. याच महिन्याला त्यांच्याकडे मार्गळी म्हणतात, पहाटे आंडाळ या संत कवयित्रीची तीस पदं रोज एक अशी म्हणतात आणि देवळात पोंगल मिळतो. त्यांनी एकदा डब्यात आणला. मूगडाळ, तांदूळ, मिरे, जिरं, तूप. मी म्हटलं, ही तर आमची खिचडी. त्या म्हणाल्या, "नाही, तुमची खिचडी हा आमचा पोंगल आहे." यावर तोडगा निघालेला नाही.

बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. बाजरीत तेल असतं, पीठ लवकर कडू पडतं, आणि कडू पिठाच्या भाकरीला कुठलंही लोणी वाचवू शकत नाही. कढत पाण्याने मळा, एका वेळी एकाच भाकरीचं. चिकटपणा नसल्यामुळे मळून ठेवलेला गोळा थापताना फुटतो. परातीत थोडे तीळ पसरून त्यावर थापली की तीळ घट्ट बसतात. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटायची, दुसरी बाजू नीट शेकली की थेट आचेवर. कडा चिरल्या तर पाणी कमी पडलंय किंवा पीठ शिळं आहे.

लोण्याबद्दल एकच. थंडीत ताक घुसळून घुसळून हात दुखतात आणि लोणी वर येत नाही. वाटीभर कोमट पाणी घाला, दोन मिनिटांत गोळा होतो. पाणी गरम घातलंत तर तूपकट ताक प्यावं लागेल.

रविवारची लेकुरवाळी भाजी मात्र चुकवू नका. नावाप्रमाणे तिच्या कडेवर बरीच लेकरं. छोटी वांगी, गाजर, पावटे, सोलाणे, मटार, घेवडा, ओल्या शेंगांचे दाणे, दोन-चार बोरं. तेलावर ओवा-जिरं, मग कडक भाज्या आधी, मऊ नंतर, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची. शेवटी भाजलेल्या तिळाचं कूट आणि गुळाचा खडा. बोरं घालायला लाजू नका. आमचे हे पहिल्या वर्षी बोरं ताटाच्या कडेला काढून ठेवायचे, आता मोजून मागतात. वांग्याचं म्हणाल तर आमच्याकडे ते चातुर्मासात वर्ज्य, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की सुटतं. त्यामुळे धुंधुरमासात त्याचं अप्रूप टिकून असतं.

जेवण झालं की झोपायचं नाही. उगवतीला दार उघडून उन्हात उभं राहायचं, दहा मिनिटं का होईना. दुपारी भूक लागेल तेव्हा थोडंसं खायचं, आणि चारला डिंकाचा लाडू एक. एक म्हणजे एक.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. २१-२२ डिसेंबरनंतर दिवस मोठा व्हायला लागतो, खरं उत्तरायण तेव्हाच सुरू होतं. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकरसंक्रांत आणि उत्तरायण एकाच दिवशी यायचं, आता त्यांत तीन आठवड्यांचं अंतर पडलंय. पण दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या बाजूने. आपल्याकडे सकाळी सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा-उशिराच उगवत राहतो. म्हणून शेवटचे दहा दिवस उठायला सगळ्यात जड जातात. आपला निश्चय कमी पडला असं समजून कितीतरी लोक तिथेच सोडतात. निश्चयाला काही झालेलं नसतं, बाहेर खरंच जास्त अंधार असतो.

कोणी जपून

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, हे टाळू नका. रक्तदाब, हृदयाचा त्रास असलेल्या वयस्कर माणसांनी अंधारात थंड पाण्याने अंघोळ आणि उघड्यावर फिरणं दोन्ही बंद. ऊन आल्यावर बाहेर पडा. थायरॉइडवाल्यांनी रोज बाजरी खाऊ नये, ज्वारी घ्यावी. पित्ताचा त्रास असलेल्यांनी मिरे निम्मे करावेत. गरोदर बाया आणि लहान मुलं यांना उठवायचं नाही, त्यांचं त्यांना उठू द्या.

राहता राहिल्या राशी. मेषेने हे खावं, कर्केने ते प्यावं, असे बारा राशींचे बारा आहार सांगणारे मेसेज डिसेंबरात फिरतात. नानांच्या पोथ्यांत मला असलं काही सापडलेलं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये शनी मीनेत आल्यापासून कुंभ, मीन आणि मेषवाले फार घाबरून विचारतात, आम्ही काय वेगळं करायचं? तीळ हे शनीचं धान्य, ते भाकरीला लावा आणि आठला निजा. सिंहवाल्यांनीही तेच.

महिनाभर नवं काही नाही

हा भाग लोक अंधश्रद्धा म्हणून सोडून देतात. मला तो जेवणाइतकाच लागतो. या महिन्यात मुहूर्त नाहीत, म्हणजे मोठं काही सुरू करायचं नाही. मी हे माझ्यापुरतं असं लावलं: नोकरी, घर, पैसे, नाती यांतला कुठलाही मोठा निर्णय धुंधुरमासात घ्यायचा नाही. थांबणार नाही अशी गोष्ट अर्थात करायचीच, दवाखाना मुहूर्त बघत नाही. बाकी सगळं एका कागदावर लिहायचं आणि तो कागद पंचांगात ठेवायचा.

त्या २०१८ च्या डिसेंबरात मी राजीनाम्याचं पत्र लिहिलं होतं. दोन पानी, आवेशाचं. ते पंचांगात गेलं. संक्रांतीनंतर काढून वाचलं तेव्हा नोकरी सोडावी हे मत तसंच होतं, पण पत्रातली अर्धी वाक्यं वाचून मला घाम फुटला. ती झोप न झालेल्या बाईने लिहिलेली होती. ते पत्र मी दिलं नाही. २०२१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली ती वेगळ्या कारणाने आणि चार ओळींत.

झोपेचं म्हणाल तर त्या महिन्याच्या बाराव्या-तेराव्या रात्री पहिल्यांदा सलग सहा तास लागली. दोनची जाग गेली नाही, पण तिची भीती गेली. जाग आली की मला आता कळतं, अजून अडीच तासांनी खिचडी.

भोगी

शेवटचा दिवस भोगी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. न खाई भोगी तो सदा रोगी, असं म्हणतात, त्यामुळे त्या दिवशी सुट्टी घ्यावी लागली तर घ्या. लेकुरवाळी भाजीच, त्यात उसाचे करवे आणखी, तीळ लावलेली भाकरी, खिचडी, लोणी. अभ्यंग. शेजारच्या एखाद्या एकट्या राहणाऱ्या माणसाला पहाटेच बोलवा. आम्ही सोसायटीच्या वॉचमनला बोलावतो. त्याची रात्रपाळी सुटायची वेळ आणि आमची जेवायची वेळ एकच.

दुसऱ्या दिवशी सूर्य मकरेत, म्हणजे बाप लेकाच्या, शनीच्या घरी. त्या दिवसापासून गजर साडेपाचला आणायचा, मोबाइल मात्र स्वयंपाकघरातच. उरलेलं बाजरीचं पीठ डब्यात ठेवू नका, कडू होतं. आमच्याकडे ते पंधरा तारखेला गाईला जातं.